कावाशिमा: बाकावर बसून चार वर्ल्डकप गाठलेला गोलकीपर

एजी कावाशिमाचं करिअर नुसतं क्लबच्या यादीवरून वाचलं तर काहीच कळत नाही, कारण त्या यादीत मधेमधे जे रिकामे महिने आहेत ना, खरी गोष्ट तिथेच आहे. जपानच्या 2010, 2014, 2018 आणि 2022 अशा चार फुटबॉल वर्ल्डकप टीममध्ये हा माणूस होता, त्यातल्या तीनमध्ये पहिल्या नंबरचा कीपर म्हणून खेळला, आणि तरी क्लबमध्ये कितीतरी वर्षं तो कुणाच्या तरी मागे उभा राहिलाय.

जन्म 1983 चा, सैतामाचा. 2001 ला शाळेतून थेट ओमिया आर्दिजामध्ये गेला, तेव्हा ती दुसऱ्या डिव्हिजनची टीम होती. त्याच सुरुवातीच्या काळात तो ट्रेनिंगसाठी इटलीत पार्माला जाऊन आला आणि तिथून त्याला दोन वेडं लागली, एक युरोपात खेळायचं आणि दुसरं भाषा शिकायचं. इंग्लिश, इटालियन, नंतर डच, फ्रेंच, शिकतच राहिला. लोकांना हे कौतुकाचं वाटतं पण माझ्या मते ही त्याची धंद्याची गरज होती, कारण फॉरवर्डला भाषा नाही आली तरी पाय बोलतात, गोलीला मात्र समोरच्या चार डिफेंडरवर नव्वद मिनिटं ओरडायचं असतं.

2004 ला नागोया ग्रॅम्पसमध्ये गेला, आणि तिथे पोस्टमध्ये कोण, तर सेइगो नाराझाकी, 2002 च्या वर्ल्डकपमधला जपानचा कीपर. तीन सीझन बहुतेक बाकावरच गेले. 2007 ला कावासाकी फ्रोंताले गाठलं तेव्हा कुठे कायमची जागा मिळाली.

आता इथे थोडं मागचं सांगायला हवं. युरोपातल्या क्लबनी जपानचे मिडफिल्डर घेतले, नाकाता, नाकामुरा, ओनो, पण कीपर घ्यायला कुणी तयार नसायचं. योशिकात्सु कावागुची 2001 मध्ये पोर्ट्समथला गेला होता, म्हणजे 1996 च्या ऑलिंपिकमध्ये मायामीत ब्राझीलला 1-0 हरवलं तेव्हाचा हिरो! पण इंग्लंडमध्ये त्याची जागा गेली ती चाळिशी ओलांडलेल्या डेव्ह बीझंटकडे. मग डेन्मार्क, आणि शेवटी 2005 ला घरी परत. एवढं बघितल्यावर पुढच्या जपानी कीपरवर पैसे कोण लावणार?

कावाशिमाचं नशीब फिरलं ते 2010 च्या मे महिन्यात. दक्षिण कोरियाकडून घरच्या मैदानावर 2-0 हरल्यावर जपानचे कोच ओकादांनी ऑस्ट्रियात ग्राझच्या फ्रेंडलीत इंग्लंडविरुद्ध नाराझाकीला बसवून याला उतरवलं, याने लॅम्पार्डची पेनल्टी अडवली, मॅच जपान हरलं 2-1 (दोन्ही गोल जपानच्याच डिफेंडरनी आपल्याच जाळ्यात मारलेले, काय बोलणार) पण जागा पक्की झाली. वर्ल्डकपमध्ये पॅराग्वेविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये हरेपर्यंत सगळ्या मॅच त्याच्याच. लगेच बेल्जियमच्या लिर्सेने घेतलं. जानेवारी 2011 ला एशियन कपच्या सेमीफायनलमध्ये कोरियाविरुद्ध शूटआउट 3-0 ने जिंकून दिलं आणि पुढे कपही आला, त्याआधी सीरियाविरुद्ध रेड कार्ड खाल्लं होतं हेही खरं, तो असाच आहे, एका स्पर्धेत दोन्ही टोकं.

त्याच ऑगस्टमध्ये बेल्जियमच्याच बीअरस्कॉट क्लबच्या मैदानावर गोलमागच्या प्रेक्षकांनी त्याला 'फुकुशिमा' म्हणून चिडवायला सुरुवात केली, जपानमधल्या भूकंप-त्सुनामीला आणि फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या अपघाताला तेव्हा पाच महिनेच झाले होते. मॅच थोडा वेळ थांबवावी लागली, शेवटी तो रडत बाहेर आला, नंतर त्या क्लबला 30,000 युरोचा दंड झाला.

2012 ला स्टँडर्ड लिएज, म्हणजे मोठा क्लब, पण तिथेही शेवटी जागा गेली आणि 2015 च्या उन्हाळ्यात करार संपला तो थेट वर्षाच्या शेवटी स्कॉटलंडचा डंडी युनायटेड मिळेपर्यंत क्लबच नाही. डंडी त्या सीझनला खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली. मग 2016 ला फ्रान्समध्ये मेट्झ, तिसरा कीपर म्हणून! वर्ल्डकप खेळलेला तेहेतीस वर्षांचा माणूस तिसरा कीपर व्हायला तयार होतो याला हट्ट म्हणा नाहीतर हिशोब. एप्रिल 2017 मध्ये पॅरिसच्या बड्या क्लबविरुद्ध, पीएसजीविरुद्ध, लीगमध्ये संधी मिळाली, 3-2 हरले, पण पुढच्या सीझनला तोच पहिला कीपर.

2018 च्या रशियातल्या वर्ल्डकपमध्ये त्याला खूप बोलणी बसली, आणि सेनेगलविरुद्ध बॉल सरळ त्यांच्या फॉरवर्ड सादिओ मानेच्या अंगावर पंच केला ती चूक होतीच. पण पोलंडविरुद्ध कॅप्टनचा पट्टा बांधून ग्रोसिकीचा हेडर त्याने गोललाइनवरून काढला ते लोक विसरतात, अजून एक गोल बसला असता तर जपान पुढे गेलंच नसतं.

नंतर स्ट्रासबर्ग, परत तिसरा कीपर. 2020 मध्ये पहिल्या कीपरची टाच दुखावली आणि दुसऱ्याला कोविड झाला, तर सदतिसाव्या वर्षी हा फ्रान्सच्या वरच्या लीगमध्ये सीझनचा मोठा भाग खेळला. 2022 च्या कतारच्या वर्ल्डकपमध्ये जपानचा दुसरा कीपर गोंदा खेळला, हा बाकावर. 2023 ला स्ट्रासबर्ग सुटलं, पुन्हा काही महिने क्लब नाही, आणि 2024 ला जपानमध्ये जुबिलो इवाता. तिथे गोलकीपिंग कोच कोण, तर कावागुची! 2010 च्या वर्ल्डकपला तिसरा कीपर म्हणून गेलेला तोच. त्याच वर्षी झायन सुझुकी बेल्जियममधून पार्माला गेला आणि इटलीच्या वरच्या लीगमधला पहिला जपानी कीपर झाला. जुबिलो मात्र त्या सीझनला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरली, आणि एक्केचाळीस वर्षांचा कावाशिमा तिच्याबरोबर खाली गेला, रिटायर झाला नाही.