जुनापाणीची शिळावर्तुळे

नागपूरहून काटोलकडे जाताना शहराची गजबज मागे पडली की जुनापाणीचा माळ लागतो. तिथे काळ्या धोंड्यांची सुमारे ३०० वर्तुळे विखुरलेली आहेत. माहिती नसलेल्या माणसाला ते शेतातून वेचून टाकलेले दगड वाटतील, पण ती महापाषाणकालीन, म्हणजे दफनाच्या जागी मोठमोठे दगड मांडणाऱ्या प्राचीन लोकांची दफनस्थळे आहेत आणि विदर्भातील त्यांचा काळ साधारणपणे इसवी सनपूर्व पहिले सहस्रक मानला जातो.

बेसॉल्टचे मोठे धोंडे गोलाकार मांडायचे आणि आतल्या भागात माती व दगडगोटे भरून ठेंगणा उंचवटा करायचा, अशी ही रचना आहे. जुनापाणीची नोंद एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी केली. पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बा. कृ. थापर यांनी येथे उत्खनन केले. विदर्भातल्या अशा वर्तुळांच्या भरावाखाली अस्थींचे अवशेष, लोखंडी हत्यारे आणि काळी-तांबडी मृद्भांडी सापडतात. जवळच्या माहुरझरीला तर तांब्याच्या अलंकारांनी सजवलेल्या घोड्यांचे अवशेष मिळाले, आणि नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. म्हणजे ही हत्यारे वापरणाऱ्यांना धातू गाळण्याची विद्या याच मुलखात अवगत होती.

अशा उंचवट्यात वस्तूंइतकीच त्यांची जागा मोलाची असते. कुऱ्हाड अस्थींजवळ होती की वरच्या भरावात, भांडे आधी ठेवले की नंतर, कोळशाचा तुकडा नेमक्या कोणत्या थरातला, हे कळले तरच दफनविधीचा क्रम लावता येतो आणि किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने काढलेल्या कालमापनाला अर्थ राहतो. गुप्तधनाच्या लोभाने मध्यभागी खड्डा खणणारा माणूस हा सगळा पुरावा एका रात्रीत कालवून टाकतो, आणि तो पुन्हा कधीच उभा करता येत नाही.

जुनापाणी हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाच्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ही हद्द मला अजिबात जाचक वाटत नाही. येथील काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. वर्तुळाच्या केंद्रापासून पाहता हे दगड ठरावीक दिशांनाच बसवलेले आहेत का आणि त्याचा आकाशनिरीक्षणाशी संबंध असेल का, याचा संशोधकांनी अभ्यास केला आहे. बांधासाठी वा पायासाठी एखादा धोंडा उचलून नेला, तर त्या वर्तुळापुरता हा प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही.