वाळूत रुतवण्यासाठी बांधलेलं जहाज : एलएसटी-325 ची पार्श्वभूमी

जहाज वाळूत लागलं म्हणजे कुणाचं तरी चुकलं, असं कोकणातल्या कुठल्याही बंदरावर ऐकायला मिळेल. रणगाडे उतरवणारं जहाज, म्हणजे एलएसटी (लँडिंग शिप, टँक), मात्र मुद्दाम वाळूत घालायचं असतं. नाक किनाऱ्यावर टेकवायचं, पुढची दोन दारं उघडायची, रॅम्प खाली सोडायचा आणि पोटातले रणगाडे चालवत बाहेर काढायचे. खरी कसोटी त्यानंतर, जहाज पुन्हा पाण्यात ओढून नेताना.

या जहाजाची गरज डंकर्कनं दाखवून दिली. 1940 मध्ये ब्रिटिश सैन्याची माणसं तिथून सुटली, पण रणगाडे, तोफा, गाड्या फ्रान्समध्येच राहिल्या. परत युरोपात उतरायचं तर बंदरं सगळी शत्रूच्या ताब्यात. मग धक्का नसलेल्या किनाऱ्यावर तीस-तीस टनांचे रणगाडे उतरवायचे कसे? इंग्रजांनी सुरुवातीला जुगाड केला. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराच्या तोंडाशी पाणी उथळ, त्यामुळे तिथली तेलवाहू जहाजंही उथळ बांधणीची. त्यांतली तीन घेऊन त्यांना पुढे दारं बसवली. चालली, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं.

मूळ अडचण अशी, की महासागर ओलांडायचा तर जहाज पाण्यात खोल बसायला हवं, नाहीतर लाटा त्याला खेळवतात. किनाऱ्यावर चढायचं तर तेच जहाज उथळ हवं. नोव्हेंबर 1941 मध्ये अमेरिकी नौदलाचे जॉन नीडरमायर यांनी काही तासांत एक कच्चा आराखडा काढला आणि दोन्ही मागण्या एकाच जहाजात बसवल्या. प्रवासात टाक्यांत समुद्राचं पाणी भरायचं, की जहाज खोल बसतं. किनारा जवळ आला की ते पाणी पंपानं बाहेर टाकायचं, की जहाज वर येतं. शंभर मीटर लांबीचं हे धूड, पण किनाऱ्याला लागताना पुढच्या बाजूला जेमतेम चार फूट पाण्यात. अशी हजाराहून जास्त जहाजं अमेरिकेत बांधली गेली, त्यांतली कितीतरी समुद्र कधी न पाहिलेल्या नदीकाठच्या गावांत.

एलएसटी-325 मात्र फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीतलं. ऑक्टोबर 1942 मध्ये पाण्यात सोडलं, फेब्रुवारी 1943 मध्ये नौदलात दाखल झालं. वेग फार तर बारा नॉट, म्हणजे ताशी सुमारे 22 किलोमीटर. एलएसटी ही अक्षरं म्हणजे 'लार्ज स्लो टार्गेट', मोठं आणि संथ लक्ष्य, असा अर्थ खलाशांनी लावला होता, आणि तो काही अगदीच चुकीचा नव्हता. जुलै 1943 मध्ये ते सिसिलीच्या किनाऱ्यावर गेलं, सप्टेंबरमध्ये इटलीत सालेर्नोला.

मग फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं नॉर्मंडी. 7 जून 1944 ला, तिथल्या दोस्त राष्ट्रांच्या हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, ते ओमाहा किनाऱ्यापाशी पोचलं. त्यानंतर इंग्लंड ते फ्रान्स अशा चाळीसहून जास्त फेऱ्या झाल्या. जाताना गाड्या आणि सैनिक, येताना जखमी.

12 जूनचा एक फोटो आहे. ओहोटी लागलेली. एलएसटी-325 आणि शेजारी एलएसटी-388 वाळूवर कोरडी बसलेली. एरवी पाण्याखाली असणारे पंखे आणि सुकाणू उघडे पडलेत, मागे नांगर दिसतो. हा मागचा नांगर शोभेचा नव्हे. किनाऱ्याकडे येतानाच तो मागे खोल पाण्यात टाकून यायचा. माल उतरला आणि भरती आली की विंचनं, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्रानं, त्याची तार खेचायची, म्हणजे जहाज स्वतःलाच मागे ओढून घेतं. भरती-ओहोटीचं गणित चुकलं तर पुढच्या भरतीपर्यंत बसून राहायचं.

या जहाजांचा तुटवडा एवढा होता की दक्षिण फ्रान्सवरची चढाई जूनवरून ऑगस्टवर ढकलावी लागली. युद्धाचं वेळापत्रक मालवाहू पोटाच्या जहाजांनी ठरवावं, हे युद्धनौकांच्या कौतुकात सहसा कुणी सांगत नाही.

28 डिसेंबर 1944 ला एम्पायर जॅव्हलिन हे सैन्यवाहू जहाज इंग्लिश खाडीत बुडालं. एलएसटी-325 नं त्यावरच्या सुमारे सातशे जणांना उचलून घेतलं. मे 1945 मध्ये अमेरिकेला परतताना वादळात मुख्य डेकला तडा गेला, तेव्हा खलाशांनी आडव्या पोलादी तुळया वेल्ड करून जहाज घरी आणलं.

1946 मध्ये ते सेवेतून काढलं. 1951 नंतर पुन्हा बाहेर काढून उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात, रडार केंद्रं उभारायच्या कामाला लावलं. 1964 मध्ये ग्रीसला दिलं. तिथं 'सायरोस' नावानं 1999 पर्यंत राबलं. अमेरिकी सेवेपेक्षा ग्रीक सेवाच लांब झाली.

आणि मग म्हातारे आले. दुसऱ्या महायुद्धात एलएसटीवर काम केलेले आणि इतर माजी नौसैनिक, सरासरी वय 72. त्यांनी 2000 मध्ये क्रीट बेटावरच्या सूडा बे इथं जहाजाची डागडुजी केली. 'या वयात अटलांटिक नको' असं अनेकांनी बजावलं. रॉबर्ट जॉर्नलिन यांच्या कप्तानीखाली ते तरीही निघाले, जिब्राल्टरहून डिसेंबरमध्ये समुद्रात शिरले आणि 10 जानेवारी 2001 ला अलाबामातल्या मोबाइल बंदरात पोचले. हिवाळी अटलांटिक, सपाट तळ, साठीकडे झुकलेली इंजिनं. असलं वेड फक्त त्या पिढीलाच परवडलं असतं.

2005 पासून जहाज इंडियानातल्या इव्हान्सव्हिल इथं ओहायो नदीकाठी आहे. हे त्याचं माहेर नव्हे, पण या गावच्या गोदीनं युद्धात 167 एलएसटी बांधली, म्हणून नातं लागतं. संग्रहालय झालं तरी ते धक्क्याला कायमचं बांधलेलं नाही. अजून स्वतःच्या इंजिनांवर नदीतून सफरीला निघतं.

आपल्याकडेही या घराण्याची शाखा आहे. 1949 मध्ये भारतीय नौदलात आलेलं पहिलं 'मगर' म्हणजे ब्रिटिश 'अव्हेंजर', एलएसटी-3011. वाफेच्या इंजिनांचं, ब्रिटिश बांधणीचं, पण कूळ तेच. त्याचं नाव घेतलेलं दुसरं 'मगर' कोलकात्यात बांधलं गेलं. 1987 मध्ये दाखल झालेल्या या जहाजानं 2020 च्या कोविडकाळात मालदीवमधून अडकलेल्या भारतीयांना कोचीला आणलं. मे 2023 मध्ये ते कोचीलाच निवृत्त झालं.