जुन्या पेट्रोल मोटरहोमचं ॲव्हरेज: लिटरला तीन किलोमीटरमागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं आता अमेरिकेत स्थिरावली आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याने तिकडे जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतल्याचं घरी कळवलं की मामा-काकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती देते ओ गाडी?’ उत्तर येतं, गॅलनला ८ मैल. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा आणि मैल १.६ किलोमीटरचा, म्हणजे लिटरला साधारण ३.४ किलोमीटर. त्यावर इकडचा सल्लाही ठरलेला: इंजिन खोलून बघ, कुणीतरी फसवलंय तुला.

बहुतेक वेळा कुणी फसवलेलं नसतं. १९७० ते १९९५ या काळातलं, पुढून पूर्ण सपाट तोंडाचं, मोठं पेट्रोल मोटरहोम धडधाकट असलं तरी लिटरला २.५ ते ३.४ किलोमीटर देतं. ट्रकसारखी केबिन पुढे ठेवून मागे खोली बांधलेलं थोडं लहान मॉडेल ३ ते ४.२ देतं. डॉजच्या व्हॅनचं छप्पर उंच करून केलेली कॅम्पर व्हॅन ५ ते ६ पर्यंत जाते. याहून फार वरचे आकडे कुणी सांगत असेल, तर तो माणूस गाडी विकायला निघालेला आहे असं समजावं. हे आकडे असे का ठरले, हे कळायला गाडीचं वजन आणि आकार बघावा लागतो, आणि त्याहून जास्त त्या काळातलं पेट्रोलचं राजकारण.

आधी आकार. अशा गाडीचं तोंड जवळपास २.४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच. पुढून वारा अडवणारं क्षेत्रफळ ७ चौरस मीटरच्या घरात जातं. साध्या कारचं ते २ ते २.२ असतं. शिवाय कोपरे चौकोनी. आपलं जुनं लोखंडी कपाट आडव्या वाऱ्यात घेऊन पळावं, तसला हा प्रकार. ताशी ८८ किलोमीटरला साडेपाच टनांच्या गाडीला वाऱ्याचा अडथळा सुमारे १,५०० न्यूटन आणि टायरचा ५५० न्यूटन धरला, तर एक किलोमीटर जायला २ मेगाज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा चाकांवर लागते. एक लिटर पेट्रोलात ३२ मेगाज्यूल असतात, पण जुनं इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून त्यातला पाचवा हिस्साच चाकांपर्यंत पोचवतात. भागाकार केला की उत्तर ३.१ येतं. गाडीत काहीही बिघाड नसताना येणारं हे उत्तर आहे.

वेगाबरोबर वाऱ्याचा अडथळा वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर अडथळा चौपट. तीच गाडी ११३ च्या वेगाने पळवली तर याच हिशेबाने लिटरला २ च्या जवळ येते, आणि ७२ ला धरली तर ४ च्या वर जाते. म्हणून एकाच मॉडेलचे दोन मालक ॲव्हरेजवरून भांडतात तेव्हा दोघंही खरं बोलत असू शकतात. इंजिन बघण्याआधी त्यांचा वेग विचारावा.

मोटरहोम ही मुळात श्रीमंताची हौस होती. ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली ती आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी गावच्या विनेबागो कंपनीने. १९५८ साली ओढायच्या ट्रेलरपासून सुरुवात केलेल्या या कंपनीने १९६६ मध्ये मोटरहोम काढलं, तेही कारखान्यात रांगेवर जोडत, इतरांपेक्षा बऱ्याच कमी किमतीला. अशा कंपन्या घर तेवढं बांधत. खालची चासी, इंजिन आणि गिअरबॉक्स डॉज, फोर्ड किंवा शेवरोलेकडून येई, आणि ती चासी मालवाहू डिलिव्हरी गाडीची असे. गावात थांबत थांबत पाव-दूध पोचवायला केलेली ती यंत्रणा आता दिवसभर हायवेवर धावू लागली.

इंजिनं आठ सिलिंडरची, अवाढव्य. डॉजचं ४४० क्युबिक इंच म्हणजे ७.२ लिटर, शेवरोलेचं ४५४ म्हणजे ७.४ लिटर, फोर्डचं ४६० म्हणजे ७.५ लिटर. आपल्याकडच्या मारुती ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं. त्यातली नऊ जोडली तरी फोर्डचं एक भरत नाही. त्याला तीन गिअरचं ऑटोमॅटिक, ओव्हरड्राइव्ह (हायवेवर इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर) नाही. ॲक्सलचं प्रमाण, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याचे फेरे, वजन ओढायला म्हणून ४.५६ च्या आसपास ठेवलेलं. परिणामी ८८ च्या वेगाला इंजिन मिनिटाला ३,००० च्या जवळ फेरे मारत राही. वर हवेत पेट्रोल मिसळणारा जुना कार्ब्युरेटर. चढ लागला, पाय खोल गेला की कार्ब्युरेटरमधली जादा पेट्रोल सोडणारी झडप उघडे आणि मिश्रण घट्ट होई. इंजिन तापू नये, जोर मिळावा म्हणून ही सोय होती. ॲव्हरेज हा तिच्या हिशेबात नव्हताच. ती गाडी वंटमुरीच्या किंवा तवंदीच्या घाटात आणली असती, तर चढ संपेपर्यंत लिटरला दीड किलोमीटरही मिळाला नसता.

हे सगळं कुणाला खटकत नव्हतं, कारण १९७३ पर्यंत तिथे पेट्रोल गॅलनला ४० सेंटच्या आतबाहेर होतं. त्याच वर्षी जनरल मोटर्सने आपलं स्वतःचं जीएमसी मोटरहोम बाजारात आणलं. पुढच्या चाकांवर चालणारं, बुटकं, गोलसर कडांचं, ४५५ क्युबिक इंचांचं ओल्ड्समोबिल इंजिन बसवलेलं. आजही देखणं वाटावं असं यंत्र आहे, आणि वाऱ्याचा विचार करून बांधलेलं. तरी ते लिटरला ३.४ ते ४.२ च देतं. आकार सुधारून किती मिळतं आणि वजन व इंजिन किती परत घेतात, याचा याहून चांगला पुरावा नाही. १९७८ मध्ये कंपनीने ते बंद केलं.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं. पंपांवर रांगा लागल्या, मोटरहोमची विक्री कोसळली. २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा घालणाऱ्या कायद्यावर सही केली. १९८७ मध्ये गावाबाहेरच्या मोठ्या महामार्गांवर ती ६५ मैलांपर्यंत सैल झाली आणि १९९५ मध्ये रद्द झाली. जुन्या मालकांचे ‘आमची गाडी १० मैल द्यायची’ हे किस्से या मर्यादेच्या काळातले आहेत हे लक्षात ठेवावं. आजच्या ७० मैलांच्या वाहतुकीत तोच आकडा मागणं अन्याय आहे.

१९७५ च्या कायद्याने अमेरिकेने कारखान्यांना गाड्यांचं सरासरी ॲव्हरेज सुधारण्याची सक्ती केली. कारना १९७८ च्या मॉडेलपासून ती लागू झाली, हलक्या ट्रकना त्यानंतर. पण ८,५०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ३,८५५ किलोंच्या वरच्या गाड्या त्यातून सुटल्या, आणि मोठी मोटरहोम बहुतेक सगळी त्या रेषेच्या वर. सक्ती नाही, चाचणी नाही, आणि काचेवर सरकारी आकड्याची चिठ्ठीही नाही. कारचं इंजिन पुढच्या दहा वर्षांत बरंच लहान झालं, मोटरहोमखाली मात्र तीच ७ लिटरची धूडं राहिली. माझ्या मते या सगळ्या इतिहासात आजच्या आकड्याला सर्वांत जास्त जबाबदार ही सूट आहे. ७ चौरस मीटरच्या तोंडामुळे ॲव्हरेज कमी राहणार हे खरं, पण तिथे हवं असतं तर ते ४ वर नेता आलं असतं.

१९७९ च्या दुसऱ्या तेलटंचाईने धंदा पुन्हा झोपला. अडचणीत आलेली डॉजची मालक कंपनी क्रायसलर त्याच सुमारास डॉजच्या मोटरहोम चासीतून बाहेर पडली. त्या काळात टोयोटाच्या छोट्या पिकअपवर बांधलेली चार सिलिंडरची मोटरहोम पुढे आली. लिटरला साडेसहा-सात किलोमीटर देणारी ही जुनी जात. अर्थात चढावर मागच्या वाहनांच्या शिव्या खाव्या लागतात, आणि सुरुवातीच्या कित्येक गाड्यांचा मागचा ॲक्सल घराच्या वजनाला अपुरा ठरल्याने बदलून द्यावा लागला होता. टोयोटा बघायला गेलात तर आधी खाली वाकून ॲक्सल बघा, ॲव्हरेज नंतर.

खरी सुधारणा झाली ती १९८० च्या दशकाच्या शेवटी. फोर्डच्या ४६० ला १९८८ मध्ये कार्ब्युरेटरऐवजी मोजून पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं, पुढच्या वर्षी चार गिअरचं ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिक. ३,००० फेऱ्यांवर ओरडणारं इंजिन सपाटीवर २,१०० च्या आसपास आलं. शेवरोलेनेही थोड्या फरकाने तोच रस्ता धरला. १९९७ पासून फोर्डचं ६.८ लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन आलं. एवढं होऊन फायदा किती? लिटरला अर्धा किलोमीटर, फार तर पाऊण. जुनं घ्यायचंच असेल तर इंजेक्शन आणि ओव्हरड्राइव्ह असलेलं घ्यावं, पण ते सुरू होताना कटकट करत नाही आणि घाटात दम टाकत नाही म्हणून. पेट्रोलात पैसे वाचतील या आशेवर दोन-चार हजार डॉलर जास्त मोजण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट हिशेबातून निसटते. या गाड्यांतला वीज जनरेटर मुख्य टाकीतलंच पेट्रोल घेतो. छतावरचा एसी चालवत रात्र काढली तर तासाला जवळपास २ लिटर जातात. आठ तासांत १६ लिटर, म्हणजे ५० किलोमीटरचं पेट्रोल एका जागी उभं राहून संपलं. सकाळी टाकी भरून भागाकार करणारा मालक मग कार्ब्युरेटरवर संशय घेतो.

आपल्याला हे आकडे इतके टोचतात, त्यालाही इतिहास आहे. मोठी गाडी आणि पेट्रोल ही जोडी आपल्या भागातून फार लवकर गेली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग होतं आणि कोळशाच्या गॅसवर बस चालत. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात राहिलं. त्या काळचे फार्गो, शेवरोले, बेडफर्ड हे ट्रक पेट्रोलवर चालणारे होते. फार्गो तर डॉजचंच दुसरं नाव. १९५४ पासून जमशेदपूरचे टाटा-मर्सिडीज डिझेल ट्रक आले आणि चित्र पालटलं. १९७३ नंतर पेट्रोल महागत गेलं, डिझेल सरकारने स्वस्त ठेवलं, तेव्हा जीपांचीही पेट्रोल इंजिनं काढून डिझेल बसवायची लाट आली. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, पण तोवर सवय पक्की झाली होती. आज इकडे कुणी कॅम्पर बांधून घेतो ती फोर्स ट्रॅव्हलरवर, डिझेलची. पेट्रोलात हौस भागवायची तर जुनी ओम्नी किंवा ईको. त्यामुळे मामांच्या डोक्यात पेट्रोल म्हटलं की कार येते आणि लिटरला १५ चा आकडा येतो. तुलना करायची तर भरलेल्या ट्रकशी करावी. हत्तरगी टोलनाक्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही ट्रकवाल्याला लिटरला साडेतीन-चार हा आकडा सांगा, तो भुवईही उडवणार नाही.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही, आणि इथे आपला भाग थेट या गोष्टीत येतो. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये ज्या मोजक्या ठिकाणी झाले, त्यातलं एक मिरज. बेळगाव, चिकोडी, अथणीचा ऊस आणि त्यावरच्या डिस्टिलऱ्या आज त्याच साखळीत आहेत. २००३ मध्ये ५ टक्क्यांचं मिश्रण सुरू झालं, २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोचली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत २० टक्क्यांच्या पेट्रोलचा प्रारंभ झाला. इथेनॉलच्या लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणून २० टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा ६ ते ७ टक्क्यांनी घटते, १० टक्क्यांत ३ च्या आसपास. अमेरिकेत सर्वसाधारण पेट्रोल १० टक्क्यांचं, आणि तिथलं सर्वांत मोठं इथेनॉल राज्य आयोवा. तिकडे मका, इकडे ऊस, एवढाच फरक. ३.४ देणारी गाडी त्यामुळे ३.३ वर येते. जुन्या गाडीत त्याहून मोठी काळजी रबरी नळ्यांची आणि कार्ब्युरेटरमधल्या वॉशरची. १९८० च्या आधीच्या नळ्या इथेनॉल सोसत नाहीत, आणि कुजलेली नळी तापलेल्या इंजिनावर ठिबकली तर गाडी पेटते.

असं मोटरहोम समजा इकडच्या रस्त्यावर आणलं, तर बेळगाव ते बेंगळुरू जाऊन-येऊन सुमारे १,००० किलोमीटरला ३०० लिटर लागतील. शंभरी गाठलेल्या पेट्रोलच्या भावाने ३० हजार रुपये. टाकी दीडशे-दोनशे लिटरची असते, त्यामुळे सीमेवरचा दरातला फरकही जाणवतो. कोल्हापूरकडे जाणारे ट्रक कोगनोळीच्या अलीकडे, कर्नाटकातल्या पंपावर टाकी का भरून घेत हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. लिटरमागे तीन रुपये वाचले तरी एका टाकीमागे पाचशेच्या आसपास सुटतात.

ॲव्हरेज मोजायचं तर काट्यावर भरवसा ठेवू नये; या टाक्यांचे काटे वाटेल तसे हलतात. एकाच पंपाच्या एकाच नळीवर, गाडी सपाट जागी उभी करून, टाकी काठोकाठ भरावी. चार-पाचशे किलोमीटर जाऊन, जनरेटर न लावता, पुन्हा तशीच भरावी. टायरचं माप बदललेलं असेल तर ओडोमीटर खोटं बोलतं, म्हणून अंतर मोबाइलच्या नकाशावर पडताळावं. एवढं करून लिटरला ३ च्या वर आकडा आला, तर मामांना तोच कळवावा आणि इंजिन खोलू नये. २ च्या खाली आला, तर मात्र आधी ब्रेक घासतोय का बघावं, मग टायरची हवा, मग चोक अर्धा अडकलाय का ते, आणि शेवटी प्लग काढून काजळी पाहावी.