नवोद्योग धोरण आणि जमीन (गोवा)

जमीन आणि बांधकामात अडकलेले भांडवल नव्या तंत्राच्या, संशोधनावर चालणाऱ्या धंद्यांकडे वळावे यासाठी गोव्यात झालेले कायदेशीर व आर्थिक बदल. सरकारने २०१७ साली स्टार्टअप धोरण आणले, पुढे ते सुधारले. चर्चा या धोरणाची जास्त होते. पण गोव्यात पैसा कुठे जाईल हे ठरवतो नगरनियोजन कायदा.

राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौ. किमी. वने, खाजने (खाडीकाठी बांध घालून राखलेली शेतजमीन) आणि जुनी वस्ती वगळता बांधकामाला फार थोडी जमीन उरते. शेताचा झोन, म्हणजे नियोजन नकाशात ठरलेला वापर, बदलून वसाहतीचा झाला की त्याच जमिनीचा भाव कित्येक पटींनी चढतो, आणि त्यासाठी काहीही नवे निर्माण करावे लागत नाही. १९७४च्या नगरनियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) आणि २०२४ साली कलम ३९अ आले. त्यांमुळे एकेका भूखंडाचा झोन बदलण्याची वाट उघडली. १७(२)खालच्या नियमांना मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ साली चाप लावला. भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा २०२३चाच. एका हाताने बांध घालायचा आणि दुसऱ्या हाताने फोडायचा, असे हे धोरण झाले आहे.

ज्याला खरोखर धंदा काढायचा असतो, त्याला हीच जमीन सहसा उपयोगी पडत नाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सात-बारा) अनेकदा आजोबा-पणजोबांचे नाव असते. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेनुसार, वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक ठरते. म्हणून वारसांची इन्व्हेंटरी (वारसा ठरवून वाटणी करण्याची न्यायालयीन प्रक्रिया) आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या झाल्याशिवाय तारण होत नाही. कुळाच्या रकान्यात नाव असले, तर १९६४च्या कूळ कायद्याचा वाद वेगळा. घरात मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा) असला, तर १९७५चा कायदा लागू. बँक अशा उताऱ्यापासून लांब राहते. बिल्डरला मात्र पुढचा नफा दिसत असतो, म्हणून तो मुंबईपासून लिस्बनपर्यंतचे वारस गाठून सह्या जमवतो.

स्टार्टअप म्हणून मदत हवी असेल तर आधी कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) किंवा भागीदारी संस्था नोंदवावी लागते, मग केंद्राची मान्यता आणि त्यानंतर राज्याच्या स्टार्टअप कक्षाकडे अर्ज. केंद्राच्या २०१९च्या व्याख्येत वयाची मर्यादा १० वर्षे आणि उलाढालीची १०० कोटी रुपये होती. भाडे, पगार, पेटंट यांवरची मदत मुख्यतः परताव्याच्या रूपात मिळते: खर्च आधी, पैसे नंतर. म्हणून पावत्या, भाडेकरार आणि बँकेतून दिलेला पगार पहिल्या दिवसापासून नीट ठेवावा. रोखीत दिलेला पगार सिद्ध करणे कठीण. पेटंटचा अर्ज स्टार्टअपला ऑनलाइन १,६०० रुपयांत करता येतो, मोठ्या कंपन्यांना ८,००० रुपये पडतात. अर्जाआधी आपले तंत्र जाहीर मांडले, तर त्यातले नावीन्य संपल्याचे धरले जाऊ शकते. ही चूक महागात पडते.

शेती आणि नवनिर्मिती यांना एकमेकांच्या विरोधात उभे करणे गोव्याला परवडणारे नाही. सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दारांवर, जगते. भरतीच्या दाबाने मानशीच्या लाकडी फळ्या आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. फळी कुजली किंवा मासळीसाठी अडवून ठेवली, की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढच्या पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत भात नीट धरत नाही. जुने गोवेच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने ‘गोवा धान’ या क्षारसहिष्णू जाती अशाच जमिनीसाठी तयार केल्या. मानशीपाशी पाण्याचा खारटपणा मोजणारी साधने, बांधाची गळती आधी सांगणारी यंत्रे या कामांना अनुदान द्यायला शेत विकावे लागत नाही.

मोठ्या प्रकल्पांचे घोडे नेहमी जमिनीवर अडते. विशेष आर्थिक क्षेत्रे २००७च्या अखेरीस जनआंदोलनापुढे रद्द झाली. २०१६ साली सुरू झालेल्या आयआयटीला कायमच्या जागेसाठी लोलये, मेळावली, सांगे अशी पायपीट करावी लागली. मेळावलीची जागा २०२१ साली लोकांच्या विरोधामुळे सोडली. दर वेळी जागा आधी ठरली आणि गावाला नंतर कळले.