गोंयकार प्रायव्हेटात टिकत नाही? मग टिकतं कोण, आणि का?

"गोंयकार प्रायव्हेटात टिकत नाही." म्हणजे गोव्याचा माणूस खासगी नोकरीत टिकत नाही. गोव्यातलं वेर्णा असो, कुंडई असो की पिळर्ण, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या कुठल्याही मॅनेजरशी पाच मिनिटं बोला, हे वाक्य येतंच. कधी त्याला सुशेगादपणाची फोडणी असते, कधी "सगळ्यांना सरकारी नोकरीच पाहिजे" अशी तक्रार. मला हे वाक्य मनापासून खटकतं, कारण ते आमच्या पोरांवर अन्याय करतंच, शिवाय भलत्याच ठिकाणी बोट ठेवतं. माणूस एखाद्या कंपनीला का धरून राहतो यावर जगभर साठेक वर्षं संशोधन चाललंय, आणि त्यातून जे बाहेर आलंय ते इतकं सुंदर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. टिकणं म्हणजे एकच काहीतरी नसतं. कॅनडातल्या जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये त्याचे तीन प्रकार मांडले आणि आजही या विषयात तीच मांडणी सगळ्यात जास्त वापरली जाते. पहिला प्रकार मनापासूनचा, म्हणजे कंपनी आपली वाटते, तिथे राहावंसं वाटतं. दुसरा नाइलाजाचा, म्हणजे घराचं लोन चालू आहे, ग्रॅच्युइटीची पाच वर्षं व्हायला आठ महिने बाकी आहेत, दुसरीकडे एवढा पगार कोण देणार, म्हणून राहायचं. तिसरा कर्तव्याचा: यांनी आपल्याला शिकवलं, अडचणीत सांभाळून घेतलं, आता मध्येच सोडून जाणं बरं नाही. नाइलाजाच्या प्रकाराचं मूळ हॉवर्ड बेकर या समाजशास्त्रज्ञाच्या १९६० च्या एका लेखात आहे, माणूस वर्षानुवर्षं नोकरीत जे जे गुंतवत जातो (ओळखी, ज्येष्ठता, पेन्शन) तेच त्याला बांधून ठेवतं असं तो म्हणतो.

बाहेरून बघितलं तर तिन्ही माणसं सारखीच दिसतात, तिघेही सकाळी पंच करतात आणि महिनाअखेरीला हजेरी पूर्ण. पण पुढे मेयर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ढीगभर अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा दिसलं की हजेरी, चांगलं काम, न सांगता दुसऱ्याला मदत करणं या सगळ्याशी सगळ्यात घट्ट नातं मनापासूनच्या बांधिलकीचं आहे. नाइलाजाच्या बांधिलकीचं चांगल्या कामाशी नातं जवळजवळ नाहीच, उलट किंचित वाकडंच आहे. त्यामुळे बॉन्ड लिहून घेणारे, ओरिजिनल सर्टिफिकेटं स्वतःकडे ठेवून घेणारे मालक माणसाला थांबवतात खरे, पण थांबलेल्या माणसाकडून त्यांना मिळतं काय हा प्रश्नच आहे.

मग मनापासूनची बांधिलकी येते कुठून? आता येतो माझा आवडता भाग, जरा सविस्तर सांगतो.

कंपनी म्हणजे काय? कागदावर ती एक रजिस्ट्रेशन नंबर असलेली संस्था आहे. पण आपलं मन तिला तसं बघत नाही. हॅरी लेव्हिन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्येच लिहून ठेवलंय की कामगार कंपनीला एक माणूस समजून तिच्याशी वागतो, आणि सुपरवायझर, एचआर, कॅन्टीनचा मॅनेजर यांचं वागणं हे त्या एका मोठ्या माणसाचं वागणं म्हणून मनात नोंदवतो. १९८६ मध्ये रॉबर्ट आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी यावर पुढची पायरी चढवली. ते म्हणाले, प्रत्येक कामगाराच्या मनात एक हिशेब सतत चालू असतो: या कंपनीला माझी किंमत आहे का, माझं बरंवाईट तिला बघायचंय का? या हिशेबाच्या उत्तराला त्यांनी जाणवलेला आधार असं म्हटलं आणि तो मोजायला प्रश्नावलीही बनवली. आधार जाणवला की परतफेडीची ओढ लागते, आणि त्या ओढीतूनच बांधिलकी वाढते.

पण यात एक बारीक अट आहे आणि तिच्यातच सगळी गंमत आहे. मन फक्त स्वखुशीने केलेल्या गोष्टी मोजतं. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, शेजारीण नेवऱ्यांचं (करंज्यांचं) ताट पाठवते तेव्हा ते ताट आपण रिकामं परत करत नाही, पण समजा पंचायतीने हुकूम काढला असता की प्रत्येक घराने शेजाऱ्याला नेवऱ्या द्याव्यात, तर त्याच नेवऱ्या खाऊन आपल्याला काहीच परत करावंसं वाटलं नसतं. कंपनीचंही तसंच. पीएफ कापला, बोनस कायद्याप्रमाणे दिला, ओव्हरटाइमचा डबल रेट दिला, हे सगळं आवश्यकच आहे आणि नाही दिलं तर राग येणारच, पण दिल्याबद्दल आधाराच्या खात्यात फारसं काही जमा होत नाही कारण ते द्यावंच लागतं. आयझेनबर्गर मंडळींनी १९९७ मध्ये हेच तपासलं: ज्या गोष्टी कंपनीच्या हातात आहेत असं लोकांना वाटतं त्यांचा जाणवलेल्या आधाराशी संबंध, कंपनीच्या हातात नसलेल्या गोष्टींपेक्षा कितीतरी जास्त निघाला.

माझी मावसबहीण वेर्णेच्या एका औषध कंपनीत पॅकिंगला आहे, साखळी गावाहून कंपनीची बस पहाटे सव्वापाचला. आधीचा सुपरवायझर चवथीच्या रजेचे अर्ज घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि विचारलं की "बघूया". माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची सजावट) बांधायच्या आदल्या दिवशीपर्यंत कुणाला कळायचं नाही आपल्याला रजा आहे की नाही, घरी सासूला काय सांगायचं हेही कळायचं नाही. मग नवीन सुपरवायझर आला, त्याने श्रावणातच रोस्टर लावलं, कुठली बॅच मध्येच थांबवता येत नाही ते सगळ्यांना ब्लिस्टर मशीनपाशी उभं करून समजावलं, यंदा ज्यांना रजा नाही त्यांना दिवाळीला पहिला नंबर असं लिहूनच टाकलं, आणि चवथीच्या पहिल्या दिवशी स्वतः ड्युटीवर थांबला. पगार तोच, बस तीच, मशीन तेच, रजाही मोजून तेवढ्याच. त्याच बहिणीने पुढे पावसात दोघी आल्या नाहीत म्हणून कुणी न सांगता दुसरी शिफ्ट काढली. ती मला म्हणाली, "आता कंपनी बरी आहे." सुपरवायझर बरा आहे असं नाही म्हणाली, कंपनी बरी आहे म्हणाली. लेव्हिन्सनने लिहिलेलं ते हेच.

आता कुणी म्हणेल की हे उलटंही असू शकेल. ज्याला कंपनी आधीपासून आवडते त्यालाच तिचा आधार जाणवतो, म्हणजे आधारामुळे बांधिलकी की बांधिलकीमुळे आधार? शंका एकदम बरोबर आहे आणि एकदाच सर्व्हे करून तिचं उत्तर मिळत नाही, कारण एका वेळच्या सर्व्हेत दोन गोष्टी सोबत वाढतात एवढंच दिसतं, कोण कुणाला ओढतंय ते दिसत नाही. म्हणून २००१ मध्ये र्‍होड्स, आयझेनबर्गर आणि आर्मेली यांनी त्याच लोकांना काही वर्षांच्या अंतराने पुन्हा विचारलं आणि चार आकडे हातात घेतले: आधीचा आधार, आधीची बांधिलकी, नंतरचा आधार, नंतरची बांधिलकी. मग आधीची बांधिलकी हिशेबातून बाजूला काढून आधीचा आधार नंतरच्या बांधिलकीतला बदल सांगतो का ते पाहिलं, आणि तसंच आधीचा आधार बाजूला काढून उलट दिशेनेही पाहिलं. पहिल्या दिशेला संबंध मिळाला, उलट दिशेला मिळाला नाही. म्हणजे आधार आधी, बांधिलकी मागून. याला प्रयोगाइतका पक्का पुरावा म्हणता येणार नाही, तिसरंच एखादं कारण दोन्हींना ढकलत असण्याची शक्यता उरते, पण नुसत्या सर्व्हेच्या मानाने ही खूपच मोठी उडी आहे.

प्रयोगाच्या जवळ जाणारं काम बघायचं असेल तर जेराल्ड ग्रीनबर्गचं १९९० चं संशोधन बघा. अमेरिकेतली एकच कंपनी, तिचे तीन कारखाने. मोठी कॉन्ट्रॅक्टं हातची गेल्यामुळे दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली, तिसऱ्यात नाही. एका कारखान्यात कंपनीचा अध्यक्ष स्वतः आला, साधारण दीड तास बसला, आकडे दाखवले, कपात केली नाही तर माणसं काढावी लागतील हे सांगितलं, प्रश्नांना उत्तरं दिली, खेद व्यक्त केला. दुसऱ्या कारखान्यात उपाध्यक्षाने पंधरा मिनिटांत कपात जाहीर करून सभा संपवली. ग्रीनबर्गने मग स्टोअरमधून गायब होणारा माल मोजला, म्हणजे सरळ सांगायचं तर चोरी. कपातीच्या काळात दोन्हीकडे चोरी वाढली, पण पंधरा मिनिटंवाल्या कारखान्यात कितीतरी जास्त, राजीनामेही तिथेच जास्त. पगार पूर्ववत झाल्यावर चोरी परत खाली आली. विचार करा, खिशातून गेलेले पैसे दोन्हीकडे सारखेच, फरक होता तो कसं सांगितलं एवढाच! संस्कृती संस्कृती म्हणतात ती रिसेप्शनच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या मूल्यांत सापडत नाही, वाईट बातमी कोण आणून देतो आणि किती वेळ बसतो यात सापडते.

आपल्याकडचाही एक प्रयोग आहे. विप्रोच्या बीपीओत नव्याने लागलेल्या सहाशेच्या आसपास मुलामुलींवर डॅनियल केबल आणि सहकाऱ्यांनी तो केला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ट्रेनिंगच्या सुरुवातीला फक्त एक तास वेगळा. एका गटाला स्वतःच्या जमेच्या बाजूंवर विचार करायला लावलं आणि स्वतःचं नाव लिहिलेला स्वेटशर्ट दिला, दुसऱ्या गटाला कंपनी किती थोर ते सांगून कंपनीचं नाव लिहिलेला दिला, तिसऱ्याचं ट्रेनिंग नेहमीचं. सहा महिन्यांनी बघितलं तर स्वतःचं नाव मिळालेले कमी सोडून गेले होते आणि त्यांच्यावर ग्राहकही जास्त खूश होते. ही मुलं भारतातलीच, त्यामुळे "हे सगळं परदेशात चालतं" हे म्हणायला जागा उरत नाही.

इथे दोन गोष्टींवर बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. एक, माणसं भराभर सोडून जायला लागली की काही मालक वास्तुवाल्याला बोलावतात, गेटचं तोंड बदलतात, एचआरची केबिन ईशान्येला नेतात, उमेदवाराच्या जन्मतारखेची बेरीज करून तो टिकेल का ते ठरवतात. यातल्या कशानेही माणूस टिकतो याला काडीचा पुरावा नाही, आणि तेवढ्या खर्चात सुपरवायझरांना रोस्टर लावायला आणि माणसाशी नीट बोलायला शिकवता येतं. दोन, संस्कृतीचं नाव घेऊन पगार कमी ठेवणारेही आहेत, "आपण एक फॅमिली आहोत" म्हणत इन्क्रिमेंट खाणारे. हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ मध्ये कामगार बदलण्याचं प्रमाण वर्षाला ३७० टक्के होतं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात सरासरी तीनपेक्षा जास्त वेळा नवा माणूस. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाचा पगार पाच डॉलरवर नेला, जवळजवळ दुप्पट, आणि १९१५ पर्यंत ते प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. पगार लागतोच. आधाराचा हिशेब पगाराच्या वर सुरू होतो, पगाराच्या जागी नाही.

आता परत सरकारी नोकरीकडे. जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन या संशोधकांनी १९५८ मध्येच सांगितलं की माणूस नोकरी सोडतो तेव्हा दोन गोष्टी बघतो, इथून जावंसं किती वाटतं आणि जाणं किती सोपं आहे. गोव्यासारख्या छोट्या राज्यात सरकारी नोकरी हे घरातल्या कुणालाही डोळ्यांसमोर दिसणारं, ओळखीच्या कुणाला तरी मिळालेलं असं ठिकाण आहे, त्यामुळे दुसरी बाजू आपल्याकडे भरलेलीच असते. मालकाच्या हातात उरते ती पहिली. ज्या कंपनीत आधार जाणवतो तिथून सरकारी कॉल आल्यावरही माणूस दोनदा विचार करतो, आणि जिथे चवथीची रजा ड्रॉवरमध्ये पडून राहते तिथून कॉल यायच्या आधीच मनाने गेलेला असतो. यात गोंयकाराचा स्वभाव कुठे आला?

राहिला प्रश्न कॉन्ट्रॅक्टरमार्फत लागलेल्यांचा, आणि आपल्या इस्टेटींत, हॉटेलांत असे लोक भरपूर आहेत. यांच्यासाठी कंपनी कोण? युनिफॉर्म एकाचा, पगार दुसऱ्याचा. अशा कामगारांवर झालेले अभ्यास सांगतात की त्यांची बांधिलकी दोन्हीकडे वेगवेगळी तयार होते, एजन्सीशी वेगळी आणि जिथे प्रत्यक्ष काम करतात तिथे वेगळी, आणि ज्याने न्यायाने वागवलं त्याच्याकडे ती वाढते. म्हणजे "तो आमचा माणूस नाही, कॉन्ट्रॅक्टरचा आहे" असं म्हणून कॅन्टीनमध्ये त्याचं टेबल वेगळं ठेवणारी कंपनीसुद्धा त्याच्या हिशेबात असतेच, आणि तिच्या नावापुढे रोज काहीतरी लिहिलं जात असतं.