हजार शब्द म्हणजे तासाभराचं काम?

‘हजार शब्दच ना? तासाभरात होतील की!’ फ्रीलान्स ऑनलाइन लिखाण करणाऱ्याला हे हमखास ऐकावं लागतं. हिशोब वरवर बरोबर दिसतो. मिनिटाला ४० शब्दांचा वेग असला तर हजार शब्द २५ मिनिटांत उतरतात. पण ते झालं टायपिंग.

लिखाण त्याआधीच सुरू झालेलं असतं. समजा, विषय आला ‘पाठदुखी’. वाचणारा कोण, दिवसभर खुर्चीत बसणारा की बाळंतीण? इथूनच लेख बदलतो. मग वाचन, आकडा मुळात जाऊन तपासणं. कधी एका आकड्यापायी अर्धी सकाळ जाते आणि शेवटी तोच गाळावा लागतो! शब्दसंख्येत त्याचा मागमूसही नसतो.

कच्चा खर्डा दुसऱ्या दिवशी मोठ्यानं वाचायचा. जीभ अडखळेल तिथे वाक्य मोडायचं. ‘व्यायाम करण्याची प्रक्रिया सुरू करावी’चं ‘व्यायाम सुरू करा’ होतं. पाचाचे तीन शब्द झाले. शब्दावर पैसे मिळत असतील तर चांगलं लिहिण्याचा हा दंडच म्हणायचा.

ईमेल, बिलाचा पाठपुरावा, काम देणाऱ्यानं सुचवलेल्या दुरुस्त्या हे सगळं वेगळंच. म्हणून मुरलेली मंडळी दर सांगण्याआधी विचारून घेतात, ‘दुरुस्त्या किती वेळा?’