अक्कलदाढेवरचा हिरडीचा पदर

अक्कलदाढ येतेय म्हटल्यावर दुखणारच, असं स्वतःला समजावत कितीतरी जण चार-चार दिवस गाल धरून बसतात. दाढ हिरडी फोडून वर येताना थोडं कसकसतं, हे खरं. पण झोप उडवणारा ठणका आणि गालावर दिसणारी सूज यांचं मूळ बहुतेक वेळा दाढेत नसतं, तिच्यावरच्या हिरडीत असतं. हे एकदा लक्षात आलं की घरी काय करायचं आणि घरी बसून काय भागणार नाही, दोन्ही आपोआप कळतं.

चांगल्या उजेडात आरशासमोर उभं राहून, तोंड उघडेल तेवढं उघडून खालच्या शेवटच्या दाढेमागे बघा. नव्या दाढेचा एखादा पांढरा कोपरा वर आलेला दिसेल आणि बाकीच्या भागावर हिरडीचा लालबुंद, फुगलेला पदर. नीट पाहिलं तर कधीकधी त्या पदरावर वरच्या दाढेच्या टोकांचे ठसेही उमटलेले असतात. सगळं दुखणं समजून घ्यायला ते ठसे पुरेसे आहेत.

पदर आणि दाढ यांच्यामध्ये एक खिसा तयार होतो. जेवताना अन्नाचे कण त्यात शिरतात आणि तिथेच कुजतात, कारण तिथवर ब्रशही पोचत नाही आणि जीभही. आत ऑक्सिजन जेमतेम असतो, त्यामुळे ऑक्सिजनशिवाय वाढणारे जिवाणू तिथे फोफावतात. त्यांच्याशी लढायला शरीर त्या जागेचा रक्तपुरवठा वाढवतं, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि पदर फुगतो. फुगलेला पदर वरच्या दाढेखाली येतो, प्रत्येक घासाला चावला जातो आणि चावला गेल्यामुळे आणखी सुजतो. दंतवैद्य याला पेरिकोरोनायटिस म्हणतात.

ही दाढ साधारण 17 ते 25 या वयात येते. तोवर जबड्यातली जागा बाकीच्या दातांनी व्यापलेली असते, म्हणून ती तिरकी होते किंवा अर्धवट अडकते. काहींच्या जबड्यात ती तयारच होत नाही. त्रास बहुधा खालच्या दाढेचा. कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे गेलेल्यांनाही कधीकधी शेवटी दाढच सापडते, कारण खालच्या दातांची आणि कानाजवळच्या भागाची संवेदना एकाच मोठ्या मज्जातंतूच्या शाखांतून मेंदूकडे जाते. तोंड उघडेनासं होतं, ते सूज चावण्याच्या स्नायूंपर्यंत पोचल्यामुळे. ते आखडतात.

म्हणजे पहिलं काम त्या खिशाच्या सफाईचं. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवणानंतर, चूळ भरायची. घशाशी खळखळ करून उपयोग नाही. पाणी दुखऱ्या बाजूला नेऊन अर्धा मिनिट तिथेच घोळवायचं. दुखतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावायचा नाही, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि खिसा आणखी भरतो. मऊ ब्रश हळूच, पण फिरवायचाच. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश थोडे दिवस वापरायला हरकत नाही; फार दिवस वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

ठणक्यावर आयबुप्रोफेन चांगलं लागू पडतं. दुखापतीच्या जागी तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वेदना आणि सूज वाढवतात; हे औषध त्यांची निर्मितीच रोखतं. ॲस्पिरिनही याच मार्गाने काम करतं, हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं आणि 1982 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. मात्र पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तिथे पॅरासिटामॉल बरं. मोठ्या माणसाने तेही 24 तासांत 4 ग्रॅमच्या पुढे घेऊ नये. गोळी गिळायची. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवली तर कातडी भाजल्यासारखी पांढरी पडते. गालावर बाहेरून शेकण्यापेक्षा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं धरला तर आराम पडतो.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करायचा मोह मात्र टाळाच, हे मी कळकळीने सांगतो. अँटिबायोटिक रक्तातून येतं, खिशात अडकलेला घास ते बाहेर काढत नाही. दंतवैद्य पदराखाली बारीक नळीने पाणी मारून तो खिसा धुतात आणि बऱ्याच जणांना त्यानंतर एक-दोन दिवसांतच हायसं वाटतं. ताप असेल किंवा संसर्ग पसरत असेल तेव्हा अँटिबायोटिक लागतं, आणि ते ठरवायचं त्यांनी.

काही खुणा दिसल्या तर मात्र एक रात्रही थांबू नका. थुंकी गिळता येत नाही, आवाज बदललाय, जबड्याखाली किंवा जिभेखाली कडक सूज आलीय, श्वास घ्यायला जड जातंय, यांपैकी काहीही असलं तर थेट रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा. खालच्या दाढेचा संसर्ग जबड्याखालच्या जागेत उतरला तर श्वासाची वाट दाबली जाऊ शकते. ताप चढला किंवा तोंड दोन बोटंही उघडेना, तर त्याच दिवशी दंतवैद्याला दाखवा.

बहुतेकांचं दुखणं इतकं वाढत नाही, आठवड्याभरात ओसरतं. फसगत होते ती इथेच. दुखणं थांबलं की दाढ विसरली जाते; पदर आणि खिसा जागेवरच असतात आणि काही महिन्यांनी तोच ठणका परत येतो. म्हणून सूज उतरल्यावर एक एक्स-रे काढून घ्यावा. दाढ सरळ असेल, तिला जागा असेल, तर ती पूर्ण वर येऊन पदर आपोआप मागे सरकू शकतो. आडवी अडकून वारंवार सुजत असेल तर काढणंच शहाणपणाचं. खालच्या ओठाला संवेदना देणारा मज्जातंतू तिच्या मुळांपासून किती लांब आहे, हे डॉक्टरांना त्याच एक्स-रेवर दाखवायला सांगा.